थंडीआधी परसातला माशांचा हौद: जाळीकडे लक्ष द्या

परसातल्या हौदाच्या हिवाळी तयारीवर जे काही वाचायला मिळतं, त्यातलं निम्मं बर्फावर असतं. हीटर बसवा, बर्फाला भोक पाडा, पाण्यावर चेंडू तरंगत ठेवा. ग्वाल्हेरात जानेवारीत पारा चार-पाचापर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली, पण तीन फूट खोल हौद काही गोठत नाही. गोल्डफिश आणि कोई हे मुळात थंड पाण्याचे मासे, इथली थंडी त्यांना सोसते. हिवाळ्यात हौद रिकामा होतो तो दुसऱ्याच कारणाने. पावसाळ्यातलं हिरवं पाणी नितळ होतं, कमळाची पानं वाळून जातात आणि सुस्तावलेले मासे दुपारच्या उन्हाला वर येऊन थांबतात. आडोसा गेला, चपळाई गेली आणि वरून सगळं लख्ख दिसतंय. मासे टिपणाऱ्या खंड्याला आणखी काय हवं?

म्हणून तुळशीचं लग्न लागेपर्यंत पुढची सगळी कामं उरकून टाका.

गप्पी, मोली, प्लॅटी हे उष्ण पाण्याचे मासे. ते आधी घरात टबात आणा. त्यांच्या बाबतीत ‘बघू, काढतील थंडी’ चालत नाही.

तळाचा गाळ आणि कुजकी पानं काढा, पाणी मात्र चौथा हिस्साच बदला. दिवाळीच्या साफसफाईच्या भरात हौद उपसून घासणारे लोक मी पाहिले आहेत. घाण पचवणारे जिवाणू त्या घासण्यात जातात आणि थंडीत ते लवकर परत वाढत नाहीत. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून किंवा अँटीक्लोरीन घालून वापरा. बोअरचं पाणी हिवाळ्यात हौदापेक्षा बरंच कोमट असतं, ते टाकीत गार होऊ द्या. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता हौदाच्याच पाण्यात पिळा.

खाण्याचं गणित सोपं आहे, पाळायला तेवढं अवघड. पाण्यात थर्मामीटर टांगा. १५ अंशांच्या वर नेहमीसारखं खाणं, १० ते १५ मध्ये दिवसाआड दुपारी चिमूटभर, १० च्या खाली काहीही नाही. थंडीत माशाचं पचन मंदावतं, न खाल्लेलं अन्न कुजून पाण्यात अमोनिया वाढतो. धडधाकट मासा कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो. खरा त्रास पाहुण्यांचा. ‘बिचारे, भुकेले दिसतात’ म्हणत मुरैन्याच्या गजकेचा चुरा पाण्यात टाकणारी एक तरी मावशी प्रत्येक घरात असते. डबा कुलपात ठेवा आणि मावशींच्या हातात चहा द्या.

आता जाळी. सगळ्यात जास्त डोकं मी इथेच खाजवलं आहे, आणि सगळ्यात चुकीचा सल्लाही इथेच मिळतो: ‘वरून जाळी टाकून द्या.’ टाकून दिलेली जाळी नसल्यापेक्षा वाईट. ग्वाल्हेरातल्याच मुरारमध्ये एका ओळखीच्यांच्या हौदावर अशीच सैल जाळी पाण्याला टेकली होती. सकाळी तिच्यावर वंचक, म्हणजे तळ्याकाठचा छोटा बगळा, उभा. आपल्या वजनाने जाळी खाली दाबून भोकातून आरामात चोच घालत होता. जाळीने त्याला उभं राहायला जागाच करून दिली होती. हिवाळ्यात हा पक्षी मातकट, रेघारेघांचा असतो. काठावर दगडासारखा थिजून बसला की दिसत नाही, उडाला की पांढरे पंख दिसतात. तोवर त्याचं काम झालेलं असतं.

तेव्हा जाळी पाण्यापासून किमान दीड फूट वर हवी. हौदाभोवती लोखंडी पाइपची किंवा पक्क्या बांबूची चौकट करा. चौकट हौदाच्या काठापेक्षा सगळीकडून फूटभर बाहेर असू द्या आणि जाळी बाजूंनी जमिनीपर्यंत खाली आणा. फक्त वरून झाकलेल्या हौदात बगळा काठावरून मान आत घालतो. हौद सहा फुटांपेक्षा रुंद असेल तर जाळी लावण्याआधी चौकटीवर मधोमध जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार ओढा आणि तिला टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा पेच, लावा. पहाटेच्या दवाने आणि पडलेल्या पानांनी चांगली ताणलेली जाळीसुद्धा महिन्याभरात झोळीसारखी लोंबते. टर्नबकल असला की दोन पिळात ती ताठ होते, नसला की सगळ्या गाठी सोडा.

जाळी कोणती? कबुतरांसाठी बाल्कनीला लावतात ती, २५ ते ३० मिलीमीटर भोकांची, जाड दोऱ्याची. ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याच्या आसपास हार्डवेअरच्या दुकानांत चौकशी करा. मासेमारीची पारदर्शक, केसासारखी बारीक जाळी स्वस्त पडते, पण ती आणू नका. पक्ष्याला ती दिसत नाही, खंड्या सूर मारतो आणि पंख गुरफटून लटकतो. बुलबुल आणि धामणही त्यात अडकतात. सोडवताना त्यांचे हाल आणि आपलेही. खंड्या आणि बगळे यांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, हेही लक्षात असू द्या. आपल्याला त्यांना दूर ठेवायचंय, पकडायचं नाही. हिरवी शेडनेटही नको: ऊन अडवते, वाऱ्याला शिडासारखी फुगते.

जमिनीलगतची कड पटियांनी (दगडी फरश्यांनी) किंवा विटांनी सलग दाबा. मुंगूस आणि मांजर फट शोधत एक चक्कर मारतातच, आणि कोपऱ्यात हात जाईल एवढी जागा त्यांना पुरते. एका बाजूला मात्र आकड्यांवर अडकवलेली, उघडता येणारी पट्टी ठेवा, नाहीतर थर्मामीटर बघायला रोज विटा उचलाव्या लागतील.

प्लॅस्टिकचा बगळा, लटकवलेल्या सीडी, चमकत्या पट्ट्या यांवर पैसे घालवू नका. पक्षी थोड्याच दिवसांत त्यांना ओळखून असतात. त्यापेक्षा हौदावरून गेलेली कपड्यांची दोरी काढून टाका. खंड्या तिच्यावरच बसून टेहळणी करतो आणि मासा पकडला की तिच्यावरच आपटून गिळतो.

जाळी लावली तरी तळाशी लपायला जागा द्या: फुटका माठ, चार-सहा इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे. पाणसापांची काळजी आता नको, थंडीत तेही सुस्तावतात.

पंप तळावरून फूटभर वर घ्या आणि रात्री कारंजं बंद ठेवा. उडणारं पाणी आणखी गार होतं आणि तळाशी थांबलेले मासे ढवळले जातात. दाट धुक्याचे सलग दिवस आले की एअरेटर (पाण्यात हवा सोडणारा पंप) चालू ठेवा, पहाटे तर नक्कीच. ऊन नसलं की पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू फारसा तयार करत नाहीत, स्वतः मात्र तो वापरत राहतात, आणि सूर्योदयाच्या सुमाराला तो सर्वात कमी असतो.

फेब्रुवारीत ऊन तापू लागलं की जाळी काढायला हात शिवशिवतात. घरापाशी कडुनिंब किंवा पिंपळ असेल तर त्यांची पानगळ आता सुरू होते, ती संपेपर्यंत राहू द्या. कमळाची नवी पानं पाण्यावर पसरली की मग काढा, धुवा आणि सावलीत गुंडाळून ठेवा. गच्चीवर उन्हात पडलेलं नायलॉन पुढच्या कार्तिकात हाताने तुटतं.