फारोचं मन कोणी कठीण केलं? दोन पेन्सिली घेऊन बसा

देवाच्या सार्वभौमत्वावर, म्हणजे सगळं त्याच्याच हाती आहे यावर, बायबल अभ्यास घ्यायचा म्हटलं की लोक थेट पौलाच्या रोमकरांस पत्राचा नववा अध्याय उघडतात, आणि दहा मिनिटांत वाद पेटतो. पहिल्या खेपेला मीही तेच केलं होतं. आता आधी बायबलमधलं निर्गम, अध्याय 4 ते 14 (मिसरचा राजा फारो इस्राएली लोकांना सोडायला नकार देतो ती गोष्ट), आणि प्रत्येकाच्या हातात दोन पेन्सिली, एक लाल, एक निळी.

फारोने आपलं मन कठीण केलं असं जिथे आहे तिथे लाल रेघ. परमेश्वराने ते कठीण केलं तिथे निळी. नुसतं ‘कठीण झालं’ असेल तर मोकळं सोडा, ओढूनताणून रंग देऊ नका. 4:21 ला (अध्याय 4, वचन 21) पहिलीच रेघ निळी येते, तेव्हा त्या लोकांना सोडवायला निघालेला मोशे मिसरात पोहोचलेलाही नसतो. मग देवाने मिसरावर आणलेल्या पीडांमध्ये बेडकांनंतर लाल (8:15), गोमाश्यांनंतर लाल (8:32), गळवांनंतर निळी (9:12).

खरी मेख 9:34 ला आहे. गारा थांबतात आणि फारो पुन्हा हट्टाला पेटतो. लाल. लगेच 10:1 वाचा: परमेश्वर म्हणतो, त्याचं मन मी कठीण केलंय. निळी. एकाच मनावर दोन्ही रेघा! इथे जरा वेळ कोणाला बोलू देऊ नका. मग ‘म्हणजे फारो कळसूत्री बाहुली?’ असं कोणीतरी विचारतंच. त्याला मी लाल रेघा मोजायला लावतो. ‘म्हणजे फारो काय करतो ते देव बघत बसला होता?’ म्हणणाऱ्याला परत 4:21 वर नेतो. दोघंही थोडे नाराज होतात, होऊ द्या.

यानंतर योना, देवाने पाठवलं तिकडे न जाता पळालेल्या संदेष्ट्याचं पुस्तक. मासा, वेल, किडा, पूर्वेचा झळा देणारा वारा, सगळे सांगितलेल्या कामाला हजर. पळतो तो फक्त संदेष्टा. यावर फार बोलायची गरज पडत नाही.

प्रेषितांची कृत्ये 26:14 मात्र सोडू नका. पराणीवर लाथ मारणं तुला कठीण, असं येशूच्या अनुयायांचा छळ करणाऱ्या शौलाला (पुढे हाच पौल) सांगितलं जातं. पराणी म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी. बैल लाथ मारू शकतो, मारतोही, पण रक्त त्याच्याच पायातून येतं. विरोध खोटा नाही, तो तडीला जात नाही, एवढंच. वेळ उरला तर दानीएल 4 घ्या. ‘तू हे काय करतोस’ असं देवाला कोणी विचारू शकत नाही, हे तिथे वेडाच्या भरात गवत खाऊन परतलेला राजा नबुखद्नेस्सर बोलतो.

रोमकरांस 9 शेवटी. 20 वं वचन, देवाला उलट बोलणारा तू कोण, हे मी एकदा शोकात बसलेल्या माणसाला वाचून दाखवलं होतं. बरोबरच सांगतोय अशा थाटात. त्याने काही न बोलता पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. म्हणून आता अध्याय वरून वाचायला लावतो. दुसऱ्या वचनात पौल आपल्या अंतःकरणातल्या अखंड वेदनेबद्दल लिहितो, विसावं त्यानंतर येतं.