डिझेल पोचवणाऱ्यांनी वरची पॉलिसी घेताना

आपल्या कामामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देते ती लायेबिलिटी पॉलिसी, ही खालची. तिची रक्कम पुरली नाही तर पुढचं देते ती एक्सेस लायेबिलिटी, ही वरची. रिन्यूअलच्या तारखेआधी निदान दीड महिना फायली काढून बसा. पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं सरकारी खातं) लायसन्स, गाडीचं फिटनेस, ट्रेमकार्ड (अपघात झाला तर काय करायचं ते लिहिलेलं गाडीतलं कार्ड) हे सगळं जागेवर असणारच, त्यात वेळ घालवत नाही. ड्रायव्हरच्या लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद असते, तिची मुदत मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ती संपलेली निघाली की विमा कंपनी आधी तिथेच बोट ठेवते.

आता खरं काम. खालच्या लायेबिलिटी पॉलिसीचं शेड्यूल (रकमा आणि तारखा छापलेलं पान) आणि वरच्या एक्सेस पॉलिसीचं शेड्यूल शेजारी शेजारी ठेवा. खालच्या पॉलिसीची मर्यादा किती आहे आणि वरची पॉलिसी किती रकमेच्या वर सुरू होते, हे दोन आकडे पेनाने गोल करा. ते तंतोतंत एकच हवेत. ब्रोकर फोनवर 'सगळं तेच आहे' म्हणाला, एवढ्यावर सोडू नका. कागद मागा.

हे मी एवढं का सांगतोय ते ऐका. आमची खालची पॉलिसी 1 कोटीची होती आणि वरची त्यापुढच्या 4 कोटींची. एका रिन्यूअलला हात आखडला होता म्हणून खालची 50 लाखांवर आणली. प्रीमियमचे काही हजार वाचले. वरच्या कंपनीला कळवायचं राहून गेलं. त्याच वर्षी एका खडी क्रशरवर पोकलेनमध्ये डिझेल भरताना नळी फुटली. फवारा तापलेल्या इंजिनावर गेला आणि क्षणात पेट घेतला. पोकलेन जळाली, शेजारचा जनरेटर जळाला, क्रशरची दोन माणसं भाजली. ती दोघं वाचली, पण त्यातल्या एकाच्या हाताची बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत. सगळा दावा 86 लाखांचा झाला. खालच्या कंपनीने 50 लाख दिले. वरच्या कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं: आमची जबाबदारी 1 कोटीच्या वर सुरू होते. उरलेले 36 लाख आम्ही एक बाउझर, म्हणजे डिझेल पोचवायची टाकीची गाडी, विकून भरले.

म्हणजे खालची पॉलिसी संपते तिथे वरची आपोआप सुरू होत नाही. तिच्या कागदावर जो आकडा छापलाय तिथेच ती सुरू होते. मधली सगळी रक्कम मालकाची. दावा 1 कोटी 30 लाखांचा असता तर मधले 50 लाख आमचेच गेले असते आणि वरच्या कंपनीने 30 दिले असते. खालचा आकडा कमी करायचाच असेल तर आधी वरच्या कंपनीकडून तसं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा लेखी कागद, घ्या, मगच सही करा.

शब्दाचाही घोळ आहे. आपल्याकडे पॉलिसीत 'एक्सेस 25,000' असं छापलेलं असतं, ती दर दाव्यात आपल्या खिशातून जाणारी रक्कम. एक्सेस लायेबिलिटी ही निराळी गोष्ट. फोनवर बोलताना दोन्ही एकच वाटतात, म्हणून 'वरची पॉलिसी' असंच म्हणा.

गाडीच्या विम्यावर विसंबू नका. थर्ड पार्टीत माणसाच्या मृत्यूला किंवा इजेला मर्यादा नसते, पण दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला 7.5 लाखांवर थांबतात. 1987 मध्ये सातारा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्ग 4 वर पेट्रोलचा टँकर पहाटे तीनला उलटला आणि सकाळी सव्वासातला, लोक भोवती जमलेले असताना, त्याचा स्फोट झाला. चार तास पडून असलेला टँकर 'वापरात' होता का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1991 मध्ये न्यायालयाने होय म्हटलं आणि मृताच्या घरच्यांचा भरपाईचा हक्क टिकला. तो माणसाच्या जिवाचा प्रश्न होता. कुणाची पोकलेन, कुणाची द्राक्षबाग, कुणाची विहीर गेली तर 7.5 लाखांत काय होतंय? म्हणून लायेबिलिटी पॉलिसीत 'उभ्या गाडीतून नळी जोडून डिझेल देताना' हे शब्द लेखी हवेत, नाहीतर लायेबिलिटीची कंपनी म्हणते गाडीचा विमा बघा आणि गाडीच्या विम्याची कंपनी म्हणते हा रस्त्यावरचा अपघात नाही. आमच्याकडे ते शब्द होते, म्हणून निदान 50 लाख तरी आले.

सांडलेल्या डिझेलचंही तसंच. अचानक झालेल्या प्रदूषणाचं कव्हर बहुतेक वेळा वेगळं मागून घ्यावं लागतं. खाली घेतलं असेल तर वरच्या पॉलिसीत ते वगळलेलं नाही ना, बघा. माती-पाणी साफ करायचा खर्च धरलाय का, विचारा.

एका अपघाताची मर्यादा आणि वर्षाची मर्यादा वेगळी असते. दोन-तीन छोट्या दाव्यांत खालची वर्षाची रक्कम खर्ची पडली तर वरची खाली उतरते का, म्हणजे खालची संपली तिथून पैसे देते का? तसं लिहिलेलं नसेल तर पुन्हा तीच दरी, आमच्यासारखीच. वकिलाचा खर्च मर्यादेच्या आत की बाहेर, तेही बघा, कारण आत असेल तर खालची रक्कम लवकर संपते. या पॉलिसी बहुधा दावा आला त्या तारखेवर चालतात, म्हणून मागची ग्राह्य तारीख, म्हणजे ज्या तारखेनंतरचे अपघात धरले जातात ती, दोन्हींत एकच ठेवा. सुरू होण्याची आणि संपण्याची तारीखही एकच.

1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याची पॉलिसी तुमच्या साठ्याला लागू आहे का ते विचारा. ती वेगळी, तिला यात मोजू नका. स्वतःच्या कामगारांची पॉलिसीही वेगळी.

बाकी लवकर सांगतो. नळी बदलल्याची बिलं जपा, अर्थिंगचे फोटो ठेवा, अपघात झाला की दोन्ही कंपन्यांना त्याच दिवशी मेल करा, दावा छोटा वाटला तरी वरच्या कंपनीला सुद्धा. सर्व्हेअर येईपर्यंत जळालेलं सामान हलवू नका.

नवीन शेड्यूल हातात आलं की ते दोन आकडे पुन्हा बघा. छापताना चुकतात. वर्षाच्या मध्ये काही बदललं, बाउझर वाढला, मर्यादा बदलली, तर त्या दिवशीही बघा.