आठ कोअर, पण राबतो एकटाच

व्हिडिओ एन्कोडिंगसाठी ठेवलेलं माझं लिनक्स मशीन अचानक रडतखडत चालायला लागलं. कोणता कोअर (प्रोसेसरचा एकेक स्वतंत्र भाग) किती राबतोय ते दाखवणारं एचटॉप उघडलं तर ४ नंबरचा कोअर १०० टक्के लाल आणि ५, ६, ७ निवांत. प्रोग्रामला ठरावीक कोअर नेमून देणाऱ्या टास्कसेट कमांडने मी एन्कोडिंगला ४ ते ७ हे चारही कोअर दिले होते, तरी सगळे थ्रेड (कामाचे समांतर धागे) एकाच्याच उरावर! कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नुकताच अपग्रेड केला होता, म्हणून आधी कोणतं काम कधी, कुठल्या कोअरवर चालवायचं ते ठरवणाऱ्या त्याच्या नव्या शेड्युलरला शिव्या घातल्या. कर्नल ६.६ पासून सीएफएस या जुन्या शेड्युलरच्या जागी ईईव्हीडीएफ हा नवा आलाय ना, आयता बळीचा बकरा. जुना कर्नल बूट केला, तरी रड तीच.

मग बूटची कमांड लाइन (सुरू होताना कर्नलला दिलेल्या सूचना) बघितली आणि कपाळावर हात मारला. ऑडिओच्या प्रयोगासाठी मीच कधीतरी ‘आयसोलसीपीयूज=४-७’ टाकून विसरलो होतो. याने ते कोअर शेड्युलिंग डोमेनमधूनच, म्हणजे ज्या कोअरमध्ये कामं आपोआप वाटली जातात त्या गटातूनच, बाहेर पडतात. ही वाटणी करणारा लोड बॅलन्सर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. थ्रेड जिथे पहिल्यांदा पडला तिथेच पडून राहतो, शेजारचा कोअर रिकामा असला तरी.

ग्रब या बूटलोडरच्या सेटिंगमधून ते काढलं, रीबूट केलं, चारही कोअर कामाला लागले. पण ऑडिओसाठी वेगळे कोअर हवेच होते. त्यासाठी आता सीग्रुप व्ही२ (प्रोग्रामचे गट करून त्यांना संसाधनं वाटून देणारी कर्नलची सोय) मध्ये सीपीयूसेटचं, म्हणजे गटाला कोअर नेमून देणाऱ्या भागाचं, ‘रूट’ पार्टिशन केलंय: बाहेरच्यांना मज्जाव, आत बॅलन्सिंग चालू. कर्नलच्या कागदपत्रांतही आयसोलसीपीयूजऐवजी सीपीयूसेटच वापरा असं लिहिलंय. वाचतो कोण?