घरात गॅसचा वास कोणाला येतो, कोणाला नाही? असं तपासा

गेल्या पावसाळ्यात ऑफिसवरून आले, दार उघडलं तर गॅसचा भपकारा, आणि आई तिथेच ओट्याशी निवांत भाजी चिरतेय! बटण अर्धवट फिरलेलं. तिचं दुर्लक्ष नव्हतं हो, एकतर वय 68, त्यात ती तासभर त्याच हवेत होती, नाक सरावतं मग वास असून कळत नाही. एलपीजीला स्वतःचा वास नसतोच, गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन घालतात, म्हणजे सगळी भिस्त नाकावर आणि नाक प्रत्येकाचं वेगळं.

म्हणून हे एकदा घरी करून बघाच. पंखा बंद करा, दोन सारख्या डब्या घ्या, एकीत चमचाभर कॉफी पावडर, दुसरी रिकामी. समोरच्याला डोळे मिटायला सांगा, उघडी डबी पोटापाशी धरा आणि दर श्वासाला दोन-दोन बोटं वर आणा, "आला" म्हटलं की तिथेच थांबून टेपने नाकापर्यंतचं अंतर मोजा. मधेच न सांगता रिकामी डबी फिरवा, कारण काहीजण अंदाजाने हो म्हणतात (आमच्याकडे दोघांनी म्हटलं). दर वेळी मिनिटभर थांबा, तीनदा करा. सर्दी असेल तर नको. आणि विक्स अजिबात वापरू नका, ते नाकात झोंबतं आणि झोंबणं वेगळ्या नसेने कळतं, वास न येणारा पण पास होतो.

माझ्या मुलीला डबी छातीशी असतानाच कळलं, आईला पार ओठापाशी आल्यावर.

कॉफी कळली म्हणजे गॅस कळेलच असं नाही, पण ज्याचं अंतर फार कमी येतं, कोविडनंतर वास गेलेला आहे किंवा वय झालंय, त्यांच्या घरी गॅस डिटेक्टर लावाच. सिलेंडर असेल तर डिटेक्टर जमिनीजवळ, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. पाइपचा गॅस हलका, तिथे छताजवळ.

वास आलाच तर लाइट-पंख्याच्या बटणाला हात नाही, चालूही नको, बंदही नको. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर, आणि बाहेरूनच 1906 ला (एलपीजी गळतीची हेल्पलाइन) फोन.

आमच्याकडे आता ठरलंय, एकाने जरी वास येतोय म्हटलं तरी "मला नाही येत" म्हणून वाद घालायचा नाही, आधी रेग्युलेटर बंद.