गुरुत्व क्वांटम आहे का? प्रयोगात या चुका टाळा

न्यूट्रॉनवर गुरुत्वाचा परिणाम दिसला म्हणजे गुरुत्व क्वांटम (अणूंच्या सूक्ष्म जगाचे नियम पाळणारं) ठरलं, असं म्हणून अनेक जण मोकळे होतात. १९७५ साली न्यूट्रॉनच्या व्यतिकरणात (लहरी एकमेकींत मिसळून उमटणाऱ्या नक्षीत) पृथ्वीच्या ओढीचा ठसा दिसला, हे खरं. पण तिथे क्वांटम होता तो न्यूट्रॉन. ओढणारी पृथ्वी जागच्या जागीच होती. खरा प्रश्न वेगळा आहे: ओढणारी वस्तूच एकाच वेळी दोन जागी असेल, तर तिच्या गुरुत्वाचं काय?

२०१७ मध्ये सौगतो बोस यांच्या गटाने, आणि स्वतंत्रपणे मार्लेटो व वेड्रल यांनी, त्यासाठी वाट सुचवली. सुमारे १०⁻¹⁴ किलोचे दोन सूक्ष्म गोळे सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे प्रत्येक एकाच वेळी दोन जागी असेल असे, शेजारी ठेवायचे. फक्त गुरुत्वामुळे ते एन्टँगल झाले, म्हणजे त्यांच्या क्वांटम अवस्था एकमेकींत गुंतल्या, तर गुरुत्व निव्वळ अभिजात (क्वांटम नसलेलं, जुन्या भौतिकीतलं) मानणं अवघड जाईल.

आता ‘फक्त’ या शब्दाकडे बघा, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो. २०० मायक्रॉनवर या दोन गोळ्यांमधली ओढ सुमारे १.७×१०⁻³¹ न्यूटन भरते. प्रत्येकावर एकेक जादा इलेक्ट्रॉन राहून गेला, तर विद्युत बल तिच्या तीन हजार कोटी पटींहून जास्त! एन्टँगलमेंट दिसेल, पण श्रेय इलेक्ट्रॉनचं. म्हणून आधी भार काढा आणि तो शून्य झाल्याचं मोजून बघा. परिणाम वाढवायला गोळे जवळ सरकवलेत, तर भार नसतानाही कॅसिमिर बल (अगदी जवळच्या वस्तूंमधली क्वांटम ओढ) गुरुत्वाला झाकून टाकतं. मध्ये पातळ वाहक पडदा लावायची कल्पना त्यासाठीच आहे.

‘जमत नाही तर वस्तुमान थोडं कमी करू’ हा मोहही महागात पडतो. गुरुत्वामुळे गोळ्यांच्या क्वांटम लहरी किती सरकतात, ती फेज वस्तुमानाच्या वर्गावर ठरते; एन्टँगलमेंट तिच्यातूनच येतं. वरच्या मांडणीत अडीच सेकंदांत जेमतेम ०.८ रेडियन मिळतो. दोन्ही गोळे दहापट हलके केले, की ०.००८. उलट बाजूने अडचण अशी की २०१९ मध्ये व्हिएन्नात सुपरपोझिशनमध्ये आणलेले रेणू साधारण २५,००० अणुवस्तुमान एककांचे होते. हवे आहेत त्याच्या वीस कोटी पटींहून जड गोळे.

एन्टँगलमेंट मिळालं, तरी ‘ग्रॅव्हिटॉन (गुरुत्वाचा कल्पिलेला क्वांटम कण) सापडला’ असा मथळा देऊ नका. तसा एकटा कण इथे कोणी पकडलेला नसतो.

आणि काहीच दिसलं नाही, तर? हवेचा एखादा रेणू धडकला, तरी सुपरपोझिशन मोडते. त्यामुळे आधी मुद्दाम भार ठेवून यंत्र चालवा. विद्युत बलानेही एन्टँगलमेंट दिसत नसेल, तर दोष यंत्रणेत शोधा.