कष्टाचं शरीर, तरी कंबर का धरते? वावरातल्या या चुका टाळा

वावरात दिवसभर राबणाऱ्याला कोणी व्यायाम करा म्हटलं की तो हसतो, आणि त्यात त्याचं काही चूक नाही. पण मग चाळिशीच्या आतच माणसाची कंबर का धरते? वेचणी संपता संपता बाया गुडघ्यावर हात ठेवून का उठतात? कष्टाने शरीर झिजतं म्हणून आपण विषय संपवतो. खरं तर मेहनतीने हाडं आणि स्नायू बळकटच होतात. त्रास होतो तो तासन्‌तास एकाच पवित्र्यात राहिल्याने, ओझं उचलताना दम कोंडल्याने आणि झीज भरून यायला वेळच न दिल्याने.

तासभर वाकायचं आणि लगेच कट्टा (पोतं) उचलायचा

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. निंदण असो, सोयाबीनची सोंगणी असो की भंडारा-गोंदियाकडची धानाची रोवणी, माणूस पाठीची कमान करून बराच वेळ वाकलेला असतो. अशा वेळी पाठीचे स्नायू हळूहळू भार सोडून देतात आणि तो मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर येतो. सतत ताण राहिला की त्या पट्ट्या सैल पडतात. आपण सरळ उभे झालो म्हणून त्या लगेच पूर्ववत होत नाहीत, त्यांना वेळ लागतो. नेमक्या त्याच वेळी धुऱ्यावरून (बांधावरून) हाक येते, ‘चाला, ट्रॅक्टर आलं, कट्टे भरा.’ मग उसण भरते आणि दोष त्या कट्ट्याला जातो. दुखणं मात्र तासभर आधी तासात, म्हणजे पिकाच्या ओळीत, वाकलेलं असतानाच सुरू झालेलं असतं.

उपाय फुकटचा आहे. एक ओळ संपली की धुऱ्यावर सरळ उभं राहा, दोन्ही हात कमरेवर मागून टेकवा आणि चार-पाच वेळा हळूच मागे झुका. ओझं उचलायचं असेल तर आधी थोडं चालून या. निंदताना पाठ गोल करून वाकण्यापेक्षा उकिडवं बसून सरकत गेलेलं बरं. आपल्याकडे म्हातारी माणसंही सहज उकिडवी बसतात, ही मोठी कमाई आहे. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात त्यांनी मात्र लाकडी पाट घ्यावा किंवा लांब दांड्याचं अवजार वापरावं.

कापसाच्या ओटीचंही (वेचलेला कापूस टाकायला कमरेला बांधलेल्या झोळीचंही) असंच आहे. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणून ओटी गच्च भरेपर्यंत कोणी थांबत नाही. पोटापुढे लोंबणारा तो कापूस कमरेला पुढे ओढतो आणि त्याला तोलून धरायला पाठ सतत ताठ राहते. ओटी अर्धी भरली की तासाच्या टोकाला ठेवलेल्या गाठोड्यात रिकामी करा. चार फेऱ्या जास्त होतील, पण चालणं झाल्याने पाठही मोकळी होते. मुकादम कुरकुरला तर कुरकुरू द्या.

दम कोंडून उचलणं

जड वस्तू उचलताना आपण नकळत श्वास रोखतो. क्षणभर तो कणा घट्ट धरायला कामाला येतो, म्हणून हे सगळंच वाईट नाही. पण कट्टा उचलून ट्रॉलीपर्यंत नेताना दम कोंडूनच ठेवला तर रक्तदाब झपकन वाढतो आणि पोटाच्या भिंतीवर दाब येतो. बीपीवाल्यांना आणि हर्नियाचा त्रास असणाऱ्यांना हे अंगाशी येतं. बाजार समितीतले जुने हमाल पोतं उचलताना ‘हुश्श’ करतात. कोणी शिकवलं नाही त्यांना, पण ते बरोबर करतात: जोर लागतो त्या क्षणी श्वास बाहेर.

उचलताना कट्टा पायाच्या पंजांपासून दूर नको. दोन्ही पायांच्या मध्ये घ्या, खुब्यातून आणि गुडघ्यातून खाली जा, पोटाशी धरून उठा. ट्रॉलीकडे वळताना कंबर पिळू नका, पाय उचलून वळा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने उचलायच्या वजनाची कमाल मर्यादा 55 किलो धरली आहे. ठासून भरलेला सोयाबीनचा कट्टा पुष्कळदा ती ओलांडतो. दोघांनी धरणं हा कमीपणा नाही.

पंप पाठीवर, विष नाकात

सोळा लिटरचा पंप भरला की पाण्याचंच वजन सोळा किलो, वर पंपाचं वेगळं. त्याचे पट्टे सैल ठेवल्याने तो कमरेखाली लोंबतो आणि माणूस पुढे वाकून चालतो. पट्टे आवळून पंप पाठीच्या वरच्या भागाला चिकटवा.

श्वासाची गोष्ट मात्र याहून गंभीर आहे. ओझं घेऊन चालताना दम लागतो, माणूस तोंडाने श्वास घेतो आणि फवारा सरळ आत जातो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते विसरण्यासारखं नाही. तोंडाला बांधलेला दुपट्टा धूळ अडवतो, औषधाची वाफ नाही. वाऱ्याकडे पाठ ठेवूनच फवारा, पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि योग्य मास्क घाला, भर दुपारी फवारू नका. फवारणीनंतर लाळ, घाम, धूसर दिसणं किंवा छाती भरल्यासारखी वाटली तर अंगावरचे कपडे बदला, अंग धुवा आणि औषधाचा डबा घेऊन थेट दवाखाना गाठा.

चुलीच्या धुराचंही थोडं सांगतो. फवारणीवाल्याचा त्रास वर्षातून काही दिवसच असतो, स्वयंपाक करणारीचा रोज दोन वेळा. पऱ्हाटी-तुराटी (कापसाची-तुरीची वाळलेली झाडं) जाळायची असेल तर चूल उघड्यावर मांडा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, ती करून घ्या.

ताकदीचं सलाईन आणि दुखण्याची सुई

सोंगणीच्या दिवसांत अंग मोडून येतं आणि संध्याकाळी गावातल्या दवाखान्यात ‘एक सलाईन लावून द्या’ म्हणणाऱ्यांची रांग लागते. त्या बाटलीत असतं काय? साधं सलाईन अर्धा लिटर म्हणजे पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ. ग्लुकोजचं म्हणजे पंचवीस ग्रॅम साखर. तेवढी तर घरच्या भाकरी-भाजीत आणि लिंबूपाण्यात येते. उलट्या-जुलाबात किंवा उन्हाने कोसळलेल्या माणसाला सलाईन जीव वाचवतं. थकव्यावर ते औषध नाही.

दुखण्याच्या गोळीचं वेगळं. डायक्लोफेनॅकसारखी गोळी उपाशीपोटी आणि घामाने पाणी गेलेलं असताना रोज घेतली, तर पोटासोबत मूत्रपिंडालाही मार बसतो. शिवाय दुखणं दबतं आणि माणूस दुसऱ्या दिवशी त्याच कमरेवर पुन्हा कट्टे टाकतो. खर्ऱ्याने आलेली तरतरीही अशीच उसनी. तंबाखूने ठोके वाढतात, भूक मरते, आणि सुपारीने तोंड उघडणं कमी होतं ते वेगळं.

पेरणीच्या सुरुवातीला मात्र अंग दुखणारच. उन्हाळ्यात बसून राहिलेले स्नायू नव्या कामाने दुखतात आणि ते दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. पहिला आठवडाभर निम्म्या कामावर राहता आलं तर बघा. उन्हाची सवय व्हायलाही शरीराला एक-दोन आठवडे लागतात. मालकाला हे पटवणं कठीण, मान्य. पण घरचंच वावर असेल तर घाई कोणासाठी?

संध्याकाळी हातपाय धुतल्यावर बाजेवर उताणं पडा, एक हात पोटावर ठेवा. श्वास घेताना तो हात वर यायला हवा, छाती नाही. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या. पाच मिनिटं पुरे. त्यानंतर मोबाइल न पाहता झोपलात तर उत्तम, कारण स्नायूंच्या दुरुस्तीला गाढ झोपेची मदत होते.

कंबर धरली म्हणून आठ दिवस बाजेवर पडून राहणंही चूकच. एक-दोन दिवस जड काम टाळा, पण अंगणात चालत राहा. पडून राहिलेल्याची कंबर उलट उशिरा मोकळी होते. मात्र दुखणं पायात उतरून पाय लुळा पडत असेल, जांघेत बधिरपणा आला असेल, लघवी-शौचावर ताबा राहत नसेल, किंवा ताप आणि वजन घटण्यासोबत पाठ दुखत असेल, तर चोळणाऱ्याकडे जाऊ नका. लघवीवरचा ताबा गेला असेल तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन लावा आणि जिल्हा रुग्णालय गाठा.