लोणावळा ते कोंदिवडे: दिवसभराची जंगलवाट कशी चालावी

मुंबईहून एका दिवसात करता येण्याजोग्या लांब पल्ल्याच्या जंगलवाटांमध्ये लोणावळ्याहून राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीला जाणारी आणि तिथून कोंडाणे लेण्यांवरून कोंदिवड्याला उतरणारी वाट मला सर्वांत उजवी वाटते. ती एका रेल्वेस्थानकापासून सुरू होते आणि जिथे संपते तिथून कर्जत स्थानक रिक्षाच्या अंतरावर असते, त्यामुळे सुरुवातीच्या जागी परत येण्याची सक्ती राहत नाही. मात्र या वाटेचा स्वभाव आधी समजून घ्यायला हवा. उधेवाडीपर्यंतचे जवळपास १५ किलोमीटर अंतर लांब असले तरी सोपे आहे. खरा कस लागतो तो दुपारनंतर, थकलेल्या पायांनी घाटमाथ्यावरून कोकणात उतरताना. म्हणून या दिवसाची आखणी सकाळपासून पुढे करू नये, ती सूर्यास्तापासून मागे करावी.

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दाट झाडीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारून येते. कोंदिवड्याला पाचपर्यंत पोहोचायचे ठरवले, तर लेण्यांपाशी चारला असायला हवे आणि त्यासाठी उधेवाडी दोनच्या आत सोडायला हवी. जेवण आणि विश्रांतीसाठी एक तास धरला, तर वाडीत एक वाजेपर्यंत पोहोचणे भाग आहे. म्हणजेच लोणावळ्यातून आठच्या सुमारास चालायला लागावे. पहाटेच्या इंद्रायणी एक्सप्रेससारख्या पुण्याकडे जाणाऱ्या गाडीने हे सहज जमते. श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले समोर दिसत असताना वर न जाता निघून जाणे जिवावर येते, हे मला मान्य आहे. पण ते मुक्काम करून निवांत पाहण्याचे गड आहेत. या दिवशी ते सोडून द्यावेत.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा. पावसाळ्यात ही दरी अतिशय सुंदर दिसते, पण ओढे तासाभरात चढतात आणि उताराची वाट निसरडी होते. वाटेतल्या ओढ्याचे पाणी गुडघ्यापर्यंत आले असेल, तर तिथूनच मागे फिरावे.

सराव मुंबईतच होतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत चालत जाऊन चालत परत यावे. जाऊन-येऊन साधारण १२ किलोमीटर होतात. त्याहून महत्त्वाचा सराव म्हणजे इमारतीचा जिना. तीन आठवडे, आठवड्यातून तीनदा लिफ्टने वर जावे आणि पाठीवर भरलेली सॅक घेऊन जिन्याने उतरावे. मांडीच्या पुढच्या स्नायूंना उतरण्याची सवय नसेल, तर गुडघे बोलू लागतात आणि पाय लटपटू लागतात. चढण्याच्या सरावाने ही उणीव भरून निघत नाही.

सॅकमध्ये प्रत्येकाचे किमान तीन लिटर पाणी, मीठ-साखर-लिंबू, दशम्या किंवा पोळीचा लाडू, खजूर, गूळ-शेंगदाणे, जादा मोजे, शिट्टी आणि स्वतःची विजेरी असावी. मोबाइलचा उजेड ही विजेरी नव्हे, कारण फोनची बॅटरी संपर्कासाठी राखायची असते. बूट जुने, पायात रुळलेले आणि तळाला खाचा शाबूत असलेले घालावेत. नखे दोन दिवस आधी कापावीत, नाहीतर उतारावर अंगठे बुटाच्या टोकाला सतत आपटून काळेनिळे होतात.

लोणावळ्यातून तुंगार्ली धरणाच्या बाजूने वाट निघते. पुढे बराच भाग रुंद, कच्च्या रस्त्याचा आहे, आणि इथेच उत्साहाच्या भरात लोक धावल्यासारखे चालतात. बोलताना धाप लागणार नाही अशा बेताने चालावे, दर तासाला पाच मिनिटे थांबावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोटघोट पाणी प्यावे. वाडीत पोहोचेपर्यंत निम्मे पाणी संपले तरी हरकत नाही, मात्र तिथून निघताना सगळ्या बाटल्या पुन्हा भरलेल्या असल्याच पाहिजेत, कारण खाली उतरू लागताच कोकणातला दमटपणा जाणवतो आणि हिवाळा सरत आला की उतारावरच्या ओढ्यांचा भरवसा राहत नाही. उधेवाडीत घरगुती पिठलं-भाकरी मिळते. आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवले, तर मावशींची धावपळ होत नाही आणि आपला वेळही वाचतो.

काही वर्षांपूर्वी जेवण लांबल्यामुळे आम्ही पाच जण वाडीतून साडेचारला निघालो होतो. अर्ध्या उतारावर अंधारले आणि आम्ही एका ढोरवाटेला लागलो, ती एका कोरड्या ओढ्यात जाऊन संपली. चूक लक्षात आल्यावर आम्ही खाली रेटत न जाता वीस मिनिटे वर चढून शेवटच्या ओळखीच्या खुणेपाशी परत गेलो, म्हणूनच नीट उतरू शकलो. तेव्हापासून मी पायाखालच्या मातीइतकेच डोक्याच्या उंचीवरच्या फांद्यांकडे लक्ष देतो. गुरे फांद्यांखालून जातात, त्यामुळे ढोरवाट खाली चांगली मळलेली असते, पण वर करवंदीच्या आणि इतर झुडपांच्या फांद्या आपल्या तोंडावर येतात. माणसांच्या वाटेवर त्याच उंचीवर कोयत्याने तोडलेल्या फांद्यांची जुनी, वाळलेली टोके दिसतात. सलग पन्नास पावले वाकून चालावे लागले, तर थांबून विचार करावा. गावकरी भेटल्यास ‘‘मामा, ही वाट कोंडाण्यालाच जाते ना?’’ असे विचारू नये, कारण भिडेखातर ‘हो’ असे उत्तर येऊ शकते. ‘‘मामा, कोंडाण्याला कुठून उतरायचं?’’ असे विचारावे.

उतरायला लागण्यापूर्वी नाड्या सोडून घोट्यापाशी घट्ट बांधाव्यात. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मातीच्या निसरड्या उतारावर, पावले छोटी टाकावीत, गुडघे किंचित वाकवलेले ठेवावेत आणि शरीर मागे झुकवू नये, कारण मागे झुकले की टाचेखालची माती सुटते. काठी उताराच्या बाजूला, पावलाच्या आधी टेकवावी. दोघांमध्ये चार-पाच पावलांचे अंतर ठेवावे, म्हणजे सुटलेला दगड पुढच्याच्या पायावर जात नाही. वाट माहीत असलेली व्यक्ती पुढे, अनुभवी व्यक्ती सर्वांत मागे आणि सर्वांत सावकाश चालणारी पुढून दुसरी, हा क्रम मोडू नये.

लेण्यांच्या आसपास आग्यामोहोळ असण्याची शक्यता धरूनच वागावे: धूर, आरडाओरडा आणि उग्र वासाचे अत्तर टाळावे. सर्पदंश झाला तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. त्या माणसाला धीर देऊन शक्य तितके कमी हलवत रुग्णालयात न्यावे आणि संपर्क मिळताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वेळ पाळली असेल, तर कोंडाण्याला अर्धा तास उजेडात मिळतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या बौद्ध लेण्यांतल्या चैत्याच्या, म्हणजे प्रार्थनागृहाच्या, दर्शनी भागावर लाकूडकामाची हुबेहूब नक्कल दगडात कोरलेली आहे आणि शेजारच्या भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत लिहिले आहे की कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. तिरप्या उन्हात ती अक्षरे शोधायला सोपी जातात.

कोंदिवड्यात पोहोचल्यावर आधी माणसे मोजावीत, घरी फोन करावा आणि मगच चहा सांगावा. रिक्षाने कर्जत गाठून तिथूनच सुटणारी लोकल पकडावी, म्हणजे बसायला जागा मिळते. मोजे गाडीत बसल्यावर बदलावेत आणि दर अर्ध्या तासाने उभे राहून पोटऱ्या ताणाव्यात, नाहीतर आपल्या स्थानकावर उतरताना पाय आखडलेले असतात.